भागाकार

इथे डिझेल लिटरने विकतात
आणि गाडीची तहान गॅलनने मोजतात.
मधे चार पूर्णांक पाच चार सहा.
हा आकडा मला पाढ्यासारखा पाठ,
कारण वही मी ठेवते.

गाडी करडी, तिसऱ्या हातची,
चामड्याच्या सीट, दारांना आतून लाकडी पट्टी.
हेरंबला बढती मिळाली त्या आठवड्यात घेतली.
माहितीपत्रक म्हणालं अठ्ठावन्न.
डॅशबोर्ड म्हणतो एकोणपन्नास.
वही म्हणते सत्तेचाळीस.
दोन मैलांचं खोटं गाडी रोज बोलते
आणि मी ते सोडून देते.
तेवढं तर कुणीही बोलतं.

इचलकरंजीहून मोरूदादांचा फोन:
"काय रे, ॲव्हरेज किती देते?"
हेरंब दर वेळी सांगतो, वीस.
लिटरला वीस किलोमीटर,
म्हणजे माहितीपत्रकातलंच अठ्ठावन्न, मराठीत आणलेलं.

हडर्सफील्ड ते सॅल्फर्ड, जाऊन येऊन साठ मैल.
मधे डोंगर.
चढाला आकडा गळतो, उताराला भरून येतो,
आपल्या घाटासारखंच,
फक्त वडापाव नाही, आणि मेंढ्या कायम ओल्या.

नोव्हेंबरात एकतीस आले.

मी औषधांच्या दुकानात काम करते,
दशांश चिन्ह घसरलं तर तिथे माणूस जातो.
पुन्हा मांडलं. पुन्हा एकतीस.
टायरची हवा पाहिली. फिल्टर बदलला.
थंडीला दोष दिला, मग पंपाला.
लॉकवुडच्या गॅरेजमध्ये तारिकने बॉनेट उघडलं,
कान दिला, हात पुसले,
कपातला चहा गार झाला तरी बोलेना. शेवटी म्हणाला,
"गाडीला काही झालेलं नाही, बाजी.
ही चालत नाहीये. नुसती चालू असते."

रात्री वही उघडली.
सतरा महिने मी भागाकार पाहत आले होते,
भाज्याकडे बघितलंच नव्हतं.
दोन पावत्यांमध्ये पूर्वी बारा दिवस,
पाचशे सतरा मैल.
आता चोवीस दिवस,
दोनशे त्र्याहत्तर.
हे सॅल्फर्ड नव्हे.
हे डोंगर अर्धा चढून थांबणं आहे.

आणि तो रोज सातला टाय बांधून निघत होता.
डबा रिकामा परत येत होता.
सोमवारी तर म्हणाला होता,
ऑफिसातली लिफ्ट पुन्हा बंद आहे.

मी काही विचारलं नाही.
गुरुवारी माझी सुट्टी. कोट घालून शेजारी जाऊन बसले.
"मलाही ने."
कुठे, असं त्यानेही विचारलं नाही.

स्कॅमंडनचं धरण.
पाणी शिशासारखं, वाहनतळावर आम्ही
आणि एका कुत्र्याला फिरवणारी बाई.
पलीकडे मोटरवे, सगळं जग कामाला निघालेलं.
हात गार पडले की इंजिन लावायचं,
काच निवळली की बंद करायचं,
रेडिओ लावायचा नाही, बॅटरी बसते.
नव्या माणसाला काम समजावून द्यावं
तसं त्याने मला सगळं दाखवलं.
साडेनऊलाच आम्ही डबा खाल्ला.

मैल थांबलेले, डिझेल जळतंय.
एकतीस पूर्णांक दोन.
एकतीस पूर्णांक एक.
मी त्या आकड्याकडे बघत बसले,
तो माझ्याकडे बघायचं टाळत.

तेवढ्यात गाडीच्या स्पीकरवर दादा,
तिकडे दुपार, जेवण झालेलं, आवाज सैल:
"काय रे, ॲव्हरेज किती देते?"

मी बाहीने काच पुसत राहिले.
पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"अकरा," हेरंब म्हणाला.

"अकरा? अरे, गाडी घेतलीस की हत्ती?"
दादा हसले. मग हसायचे थांबले.
"हेरंब? आहेस ना?"

"आहे. सांगतो, दादा.
जरा थांब.
आधी इंजिन बंद करतो."